बातमी खालून कापतात

बसथांब्याच्या बाकावर तिने पेपरचं आतलं पान काढलं आणि शेजारच्या अनोळखी माणसासमोर धरलं.

"बघा हो, माझी पहिली बातमी. आणि शेवटचा परिच्छेद सरळ उडवलाय."

चहाच्या वाफेने त्याचा चष्मा धुरकटला होता. तो पुसून त्याने नीट वाचलं. "जागा नसेल."

"जागा होती. मन नव्हतं. कुणीतरी आंबट चेहऱ्याचा म्हातारा बसवला असेल, हातात कात्री देऊन."

"असेल," तो म्हणाला आणि उरलेला चहा संपवला.

त्याच सकाळी ऑफिसात, तिच्या बातम्या ज्याच्या हातून जाणार होत्या त्या उपसंपादकाशी तिची ओळख करून दिली गेली. तोच चष्मा. म्हातारा मुळीच नव्हता. चेहराही... तिने जरा जास्तच वेळ तपासून घेतला... आंबट नव्हता.

"बातमी खालून कापतात," त्याने शिकवलं. "महत्त्वाचं वर घ्या. जागा कमी पडली की शेपूट जातं."

"आणि शेपटातच जीव असला तर?"

"तर तो मी एकटाच वाचतो."

त्याने हे सहज म्हटलं असेल. तिने मात्र ते उचलून घरी नेलं.

कॉलेज नुकतंच संपलेलं. वाट्याला यायचे बंद पथदिवे आणि फुटलेले नळ. आता प्रत्येक बातमीला ती एक शेपूट लावू लागली, कापलं जाणार हे ठाऊक असलेलं. पथदिव्यांच्या बातमीखाली तिने लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत मात्र उजेड असतो. येणारे-जाणारे मान वर करून बघतात. सगळे नाही... एकच जण.'

छापून यायचे ते फक्त पथदिवे. तो काही बोलायचा नाही. संध्याकाळी त्याच बाकावर पेपर वाचत बसायचा, तिच्याकडे न बघता. पण कापताना त्याचं बोट डिलीटच्या बटणावर उगाच रेंगाळायचं. तिच्या समोरच्या टेबलावरून तेवढं दिसायचं.

"तुझी बातमी वाचताना पायरी चुकल्यासारखं होतं," घरी वहिनी म्हणाली. "संपते कुठे ही?"

"संपत नाही, वहिनी. कापतात."

"कोण कापतं?"

तिने पेपरची घडी घालायला घेतली.

"बरं, नको सांगू. गाल सांगतायत."

मग एक दिवस कळलं, त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. शनिवार शेवटचा.

"कधी ठरलं हे?" तिने विचारलं.

"तुम्ही यायच्या आधीच."

"मग सांगायचं तरी—"

"सांगितलं असतं तर शेपटं लिहिली असतीत?"

शनिवारी तिने बसथांब्याची बातमी दिली. मंगळवारपासून छपराचं काम, तोवर बस बँकेसमोर थांबणार. आणि तळाशी, 'या बाकावर एक मुलगी संध्याकाळची पहिली बस मुद्दाम सोडते. शेजारी कुणीतरी पेपर वाचत बसतं. त्याने एकदा तरी वर बघावं, एवढीच तिची तक्रार आहे. पालिकेकडे ती नोंदवता येत नाही.'

रविवारी सकाळी वहिनीने पेपर तिच्या पांघरुणावर टाकला. "आज पायरी चुकली नाही बाई."

शेपूट पूर्ण छापलं होतं. गेलं होतं ते वरचं. बस कुठे थांबणार, तेच नेमकं.

ती केसही न विंचरता धावली. तो बाकावर होता, पायाशी बॅग.

"वरून कापलीत."

"हो."

"लोक चुकीच्या जागी उभे राहतील."

"उद्या दुरुस्ती छापतील. फोन केलाय."

"आणि शेवटचा परिच्छेद?"

"त्यात दुरुस्तीसारखं काही नाही." त्याने पेपराची घडी घातली आणि वर बघितलं. सावकाश, एकही ओळ न गाळता वाचावं तसं. "इतके दिवस एकटाच वाचत होतो. जाताना वाटलं, छापलेलं जवळ असावं. तक्रार... मिळाली."

"उशीर केलात."

"हो. तो उशीर तेवढा मी कापायला हवा होता."

बस आली. ही काही त्याला सोडता येण्यासारखी नव्हती.

आता तिच्या बातम्या जागेत चपखल बसतात. नवा उपसंपादक खूश आहे. म्हणतो, तुमचं कापावंच लागत नाही. शेवटचे परिच्छेद ती दुसऱ्या शहरात पाठवते. तिकडूनही येतात, लांबलचक, कुठेच कात्री न लागलेले.

संध्याकाळची पहिली बस ती अजूनही सोडते.