आनंदी सिस्टरची नॅनो पट्टी

फोन आला तेव्हा ठाणेदार नागसेन मेश्राम खुर्चीतच पेंगत होता. दोन हजार सातचं साल. निवडणूक नाही, दंगल नाही, तरी माणूस थकायचा तो थकतोच.

आनंदी सिस्टरांच्या घरी चोरी झाली होती. बालाघाटात ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं काढलेली ही बाई. कपाटातून गेली काय, तर बोटभर स्टीलची पट्टी. तिच्यावर काळा लेप होता, कार्बनचा, नॅनो म्हणे. हृदयात घालायच्या नळ्यांना तो दिला की रक्त चिकटत नाही, असं सांगून केदार नावाचा एक तरुण एका छोट्या कंपनीचे शेअर विकत होता. पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला की टुणकन घरंगळायचा. सिस्टरांनी सगळा फंड त्यात घातला आणि सहा नर्सनाही भरायला लावलं. उद्या नागपूरचा तज्ज्ञ त्या सगळ्यांसमोर पट्टी तपासायला येणार होता.

"कपाट फोडलं?" त्यांच्या घरी पोचताच नागसेननं विचारलं.

"नाही. किल्ली माझ्याजवळच होती."

"मंग चोर आला कुठून?"

"मले काय माहीत, साहेब."

तेवढ्यात केदार आला. सिस्टर ज्यांच्या हाताखाली राबल्या, त्या डॉक्टरांचा हा मुलगा.

"पट्टीले कोणी हात लावत होतं का?" नागसेननं विचारलं.

"नाही. बोटाचं तेल लागलं तर लेप बिघडते. मी सगळ्यांले बजावलं होतं."

"उद्या तज्ज्ञ येऊन राह्यले ना?"

"त्यांले येऊ नका म्हणून कळवतो. जाऊ द्या साहेब, रपट काहून लिहिता? कंपनी दुसरी पाठवेल."

ज्याचा माल गेला तोच निवांत. नागसेन पाणी प्यायला आत गेला. कचऱ्याच्या डब्यात कापसाचे बोळे होते, काळे झालेले. त्यानं एक हुंगला. स्पिरिट. फडताळावरच्या ट्रेमध्ये कात्री आणि चिमट्याशेजारी स्टीलची एक लखलखीत पट्टी पडली होती.

तो बोळा आणि पट्टी घेऊन बाहेर येऊन बसला. गुडघे दुखत होते.

"सिस्टर, चोर आलाच नाही. तीस वर्षं हाती आलं ते तुमी स्पिरिटनं पुसलं. काल सवयीनं ही पट्टीही पुसली. बोळा काळा, पट्टी कोरी. मंग चोरी सांगितली, काहून की उद्या त्या सहा जणींसमोर तोंड दाखवायचं होतं."

"हौ," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे बाईंनीच लेप खराब केला," केदार उठला. "कंपनीचा काय दोष?"

"बस. शरीरात जायच्या वस्तूचा लेप स्पिरिटनं निघते? दिव्यावर ताटली धरून घरोघरी पाडतात ते काजळ आहे हे. काजळावर पाणी ठरत नाही. म्हणून तू बोट लावू देत नव्हता. म्हणून पट्टी गेल्याचं ऐकून तुझा जीव भांड्यात पडला."

केदार खाली बसला. "कंपनी खरी आहे, साहेब. खरा लेप अजून जमला नाही. लोक थांबायले तयार नव्हते."

नागसेनला काही आनंद झाला नाही. सोमवारी त्या सहा जणी दुसरा हप्ता भरणार होत्या. तो थांबवायचा तर सिस्टरांनी खरं लिहून द्यायला हवं होतं, आणि गावात त्यांच्या नावाचा बोभाटा झाला असता.

सिस्टरांनी केदारकडे पाहिलं. जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतलं होतं.

"चोरीची रपट फाडा, साहेब. फसवणुकीची नवी लिहा," त्या म्हणाल्या. "आणि केदारबाबूच्या आधी माझं नाव टाका. त्या पोरींनी भरोसा त्याच्यावर नाही ठेवला. माझ्यावर ठेवला."