पापणपट्टी

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी केतकी पावसकर आरशासमोर उभी राहून पापण्यांना पट्ट्या लावायची. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी वरच्या पापणीवर ठेवून बोटाने हलकेच दाबली, की ती कातडीशी एकजीव व्हायची. टिकली लावायला लागतो तेवढाच वेळ. मग दिवसभर पट्टीची आठवणसुद्धा यायची नाही, आणि डोळ्यांची आठवण न येणं हेच तर तिला हवं होतं.

वर्षभरापूर्वी हीच सकाळ म्हणजे शिक्षा होती. डोळे उघडावेत तर आत कुणीतरी मूठभर वाळू टाकून गेल्यासारखं वाटायचं. गरम पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवायचा, तो निवला की पुन्हा पिळायचा, मग पापण्यांचे काठ बोटांनी दाबायचे, पुसायचे, थेंब घालायचे. एवढं करून दुपारपर्यंत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. डोळे लाल बघून लोक विचारायचे, "रडलात का?" रडता आलं असतं तर बरं, असं ती मनात म्हणायची.

"पापणीच्या काठावर बारीक बारीक तैलग्रंथी असतात," डॉ. ऋजुता भाटकरने तिला समजावलं होतं. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, त्यामुळे समजावण्यात दटावणीच जास्त. "त्यांतलं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळ्यातलं पाणी उडून जात नाही. तुझं तेल थंडीतल्या खोबरेलासारखं थिजलंय. बाटलीचं तोंडच बंद. आणि होणार नाही तर काय? दिवसभर पडद्याकडे टक लावून बसतेस. पापणी पुरती मिटली तर तेल बाहेर येणार ना!"

पण टक लावून बसणं हीच तर केतकीची नोकरी होती. समुद्रविज्ञान शिकून ती आंबोशी किनाऱ्यावरच्या सागरनजर कक्षाची प्रमुख झाली होती. खांबांवरचे आणि हवेत तरंगणारे कॅमेरे समुद्रात उतरलेल्या प्रत्येक माणसाचं चित्र कक्षात पाठवत. बुडणारा माणूस ओळखायचं काम आधी यंत्राला देऊन पाहिलं होतं, पण ते वाहत आलेल्या प्रत्येक नारळासाठी भोंगा वाजवायचं. जीवरक्षक धावून धावून वैतागले. शेवटी नियम झाला की प्रत्येक पडद्यासमोर दोन माणसं बसतील, म्हणजे एकाची पापणी लवली तरी दुसऱ्याची नजर पाण्यावर राहील.

पापणपट्टी आली आणि केतकीचा जीव भांड्यात पडला. पट्टी पापणीला बेताची ऊब देऊन थिजलेलं तेल पातळ करायची, मग अलगद पापणी मिटवून ते पिळून काढायची. पहिल्या पट्ट्या वाटेल तेव्हा डोळे मिटवत, म्हणून लोकांनी बोंब मारली. नव्या पट्टीत सूक्ष्म संवेदक होता. समोर काय हलतंय, कानावर काय पडतंय हे तो टिपायचा आणि जेव्हा काहीच घडत नसेल तेव्हाच डोळे मिटवायचा. कंपनीने त्याला 'निवांत क्षण' असं गोंडस नाव दिलं होतं.

"म्हणजे मी मध्येच आंधळी होणार?" केतकीने ऋजुताला विचारलं होतं.

"तुला कळणारसुद्धा नाही. पापणी लवते तेव्हा जग काळं होतं का? मेंदू ती फट आधीच्या चित्राने बुजवून टाकतो. पट्टी ती फट फक्त थोडी लांबवते, चार-पाच सेकंदांपर्यंत. आणि तेही काही बघण्यासारखं नसेल तेव्हाच."

खरंच कळत नव्हतं. महिनाभरात डोळे असे टवटवीत झाले, की केतकीने कक्षातल्या सगळ्यांच्या मागे लागून त्यांना पट्ट्या घ्यायला लावल्या. तिच्या जोडीला बसणारा इरफान परकार म्हणाला, "ताई, आता आपण अक्षरशः डोळ्यांत तेल घालून पहारा करणार!" ती मनापासून हसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत आंबोशीला विट्याचे दिनकर सुर्वे बुडाले.

समुद्र शांत होता, ऊन स्वच्छ होतं. त्या भागाच्या पडद्यासमोर केतकी आणि इरफान बसले होते. सुर्व्यांची बायको वाळूत बसली होती. नवऱ्याचा चष्मा तिच्या पदरात होता. "मी बघतच होते," ती नंतर पुन्हा पुन्हा सांगत होती. "त्यांनी हाक नाही मारली हो. मला वाटलं, मजेत आहेत."

हाक मारणार नाहीत, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. केतकीला मात्र ठाऊक होतं. नव्या लोकांना पहिल्याच दिवशी ती सांगायची की बुडणारा माणूस हात हलवत नाही, ओरडत नाही. त्याचं तोंड श्वास घ्यायलाच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? मान मागे टाकलेली, ओठ पाण्याच्या पातळीला, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गडी आभाळ बघत तरंगतोय.

चौकशीत तिने सांगितलं की तिने पडद्यावरची नजर हटवली नव्हती. इरफाननेही तेच सांगितलं. दोघं खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्यावरच्या उन्हाच्या तिरिपीमुळे दिसलं नसावं, असा निष्कर्ष निघाला आणि साहेबमंडळी सुटकेचा श्वास टाकून निघून गेली.

केतकीला मात्र चैन पडेना. दुपारी तिने समुद्राचं चित्रण पुन्हा लावलं. तिरीप वगैरे काही नव्हतं. सुर्वे पडद्याच्या मधोमध होते. मागे टाकलेली मान, उघडं तोंड, पाणी दाबणारे हात. अगदी ती शिकवायची तसं. कालचा शिकाऊ पोरगाही ओरडला असता, मग मी कशी बसून राहिले? मग तिला आठवलं, की कक्षाच्या आतही एक कॅमेरा आहे.

तिने त्याच वेळचं आतलं चित्रण लावलं आणि इरफानला हाक मारली.

दोन माणसं ताठ बसली होती. दोघांची तोंडं पडद्याकडे होती. दोघांचे डोळे मिटलेले होते.

क्षणभर ते उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. दोघांचे एकाच वेळी, एखाद्या कवायतीत असावेत तसे. चेहऱ्यांवर केवढी शांती! शेजारच्या पडद्यावर पोरांची टोळी दंगा करत पाण्यात शिरली, तेव्हा कुठे चार डोळे टक्क उघडले. तोवर सुर्वे पडद्यावर नव्हते.

"ताई, आपण झोपलो होतो?" इरफानचा आवाज चिरकला.

"नाही."

"पण मला तो माणूस दिसत होता. पाण्यात होता, मजेत होता. आईशपथ, दिसत होता मला!"

"आधीचं चित्र दिसत होतं," केतकी म्हणाली. "मेंदूने फट बुजवली."

पट्टीने काहीही चुकीचं केलं नव्हतं. लाटा बेताच्या होत्या, आवाज नव्हता, पाण्यात एक माणूस जवळजवळ स्तब्ध होता. पट्टीच्या लेखी याहून निवांत क्षण कुठला? आणि दोघांनी एकच चित्र बघितल्यामुळे दोघांच्या पट्ट्यांनी एकच क्षण निवडला. एकाची पापणी लवली तर दुसरा बघेल, या नियमाचा निकाल लागला होता. केतकीला स्वतःची भयंकर चीड आली. सगळ्यांच्या मागे लागून या पट्ट्या तिनेच घ्यायला लावल्या होत्या.

इरफान बेसिनपाशी जाऊन पट्ट्या ओरबाडत होता. तिनेही काढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारीच डोळ्यांचे निखारे झाले. वर्षभर पट्टीच्या भरवशावर राहिलेल्या पापण्या आळसावल्या होत्या, धड मिटेनात. सगळ्या कक्षाची हीच गत. कंपनीने नम्रपणे कळवलं की पुढच्या सुधारणेत पट्टीला बुडणारा माणूस ओळखायला शिकवू. तोवर काय, यावर अवाक्षर नाही. शनिवारपासून जोडून सुट्ट्या होत्या आणि आंबोशीची सगळी हॉटेलं भरली होती. पट्टी लावली तर नजर जाणार, काढली तर डोळे जाणार. कुठल्याही बाजूने किनारा उघडाच.

नेत्रतज्ज्ञाचा अहवाल मिळाला, तर आरोग्यखातं पट्टी लगेच थांबवू शकत होतं आणि कक्षाला बाहेरून उघड्या डोळ्यांची माणसं मिळाली असती. म्हणून संध्याकाळी केतकी गॉगल लावूनच ऋजुताच्या दवाखान्यात गेली.

ऋजुताने चित्रण पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण मान डोललीच नाही.

"वाईट झालं. फार वाईट झालं, केतकी. पण हा पडद्याचा दोष आहे. पडद्यावरचं चित्र सपाट असतं, पट्टी फसली. तुमच्या कक्षापुरती बंदी माग, मी सही करते."

"मग पट्टी लावणाऱ्या बसचालकांचं काय? रात्रपाळीच्या नर्सचं काय?"

"समोर जिताजागता माणूस असला की पट्टी थांबते गं. मी स्वतः लावते. शस्त्रक्रियेलासुद्धा लावते, नाहीतर माझे डोळे तासाभरात कोरडे पडतात. आजवर एकदा तरी काही चुकलंय?"

"तुला कसं कळलं असतं?"

ऋजुता चिडली. "तू दुःखात आहेस, म्हणून ऐकून घेतेय. एका अपघातापायी हजारो लोकांच्या डोळ्यांत पुन्हा ती वाळू टाकू? तू विसरलीस ते दिवस?"

विसरायला कशाला, ते दिवस आत्ताच केतकीच्या डोळ्यांत ठसठसत होते. आता शब्दांनी काही व्हायचं नाही, हे तिला कळून चुकलं. तिने गॉगल काढून टेबलावर ठेवला आणि बोलणं थांबवलं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. पंखासुद्धा बंद होता.

केतकीने सावकाश मान मागे टाकली. तोंड उघडलं. दोन्ही हात बाजूला पसरले आणि नसलेलं पाणी खाली दाबू लागली, जिवाच्या आकांताने, पण तसूभरच, आणि आवाज न करता. श्वास रोखून धरला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती ऋजुताकडे बघत राहिली.

टेबलापलीकडे ऋजुताच्या पापण्या अलगद खाली आल्या. कपाळावरची रागाची आठी तशीच होती आणि तिच्याखाली डोळे शांतपणे मिटलेले होते. केतकीची छाती दुखू लागली. हाक मारावी असं तिला वाटलं. तिने मारली नाही.

मग तिने हात मांडीवर घेतले आणि ती सरळ बसली. ऋजुताचे डोळे उघडले.

"गप्प का झालीस?" ऋजुता म्हणाली. "बोल ना."

"मी आत्ता काय केलं?"

"काय केलंस म्हणजे? काही नाही. माझ्याकडे बघत बसली होतीस."

केतकीने खोलवर श्वास घेतला. कोरड्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"ऋजुता, उद्या सकाळी तुझ्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण आहे?"