नरकासुराच्या पोटातलं भूत

"डोकं एवढं मोठं करूया, की बाबुरावांचा ट्रकसुद्धा थबकला पाहिजे!" साईश दोन्ही हात पसरून म्हणाला.

"आणि ठेवायचं कुठे? तुझ्या मानेवर?" गौरवीने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. हेळेवाड्याचा नरकासुर, दिवाळीच्या पहाटे जाळायचा पुतळा, दरवर्षी जुन्या शाळेच्या व्हरांड्यात तयार व्हायचा. गवताचं पोट, कागदाचं डोकं, पावसाळी छत्रीच्या काड्यांच्या मिशा! यंदा दिवाळीची सुट्टी लागली तरी शाळेला कुलूप होतं. कारण शाळेत भूत होतं.

भूत मोठं वक्तशीर होतं. दुपारी बाराच्या ठोक्याला मागच्या बंद वर्गातून पाढा म्हणायचं आणि मग खदाखदा हसायचं. चतुर्थीनंतर ते पहिल्यांदा बोललं, तेव्हा नव्या मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. शाळेतली उरलीसुरली अकरा मुलं देवळाच्या मंडपात बसायला लागली.

"उद्या सकाळी बैठक आहे," अंकिता म्हणाली. तिचे बाबा सावंतवाडीहून इथे येऊन बाबुरावांचा ट्रक चालवायचे, त्यामुळे बातमी आधी तिच्या घरी यायची. "शाळा बंद करा म्हणून सगळे सह्या करणार. इमारत बाबुरावांना, टायर ठेवायला. मुलं जाणार खाणीच्या रस्त्यापलीकडच्या शाळेत."

गौरवीने धाकट्या सर्वेशकडे पाहिलं. तो दुसरीत होता. गेल्या महिन्यात त्याच रस्त्यावर एक ट्रक त्याला इतका घासून गेला, की हातातली पाण्याची बाटली चाकाखाली गेली. चपटी झालेली ती बाटली त्याने अजून खिडकीत ठेवली होती. रोज या रस्त्यावरून? रोज?

ती तडक घरात गेली. "बाबा, तुम्ही सही करणार?"

"शाळेत कसला तरी वावर आहे, बाये," शिवदास म्हणाले. "बाबुरावांनी स्वतः पायरीवर रोटाचा नैवेद्य ठेवून गाऱ्हाणं घातलंय. देवचाराला ती जागा हवीय म्हणतात."

"पण देवचार वाड्याचा राखणदार ना? वाट चुकलेल्या मुलांना तो घरी आणून सोडतो, हे तुम्हीच सांगता. तो मुलांना ट्रकांखाली कशाला पाठवील?"

"मोठ्या माणसांना उलट बोलायचं नाही!"

झालं. उत्तर नसलं, की मोठी माणसं हेच म्हणतात! गौरवीचे कान तापले. तिने चपला घातल्या.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तिघं शाळेच्या मागे उभी होती. पायरीवर रोट तसाच पडला होता आणि मुंग्यांची दिवाळी चालली होती. मागोमाग आलेला सर्वेश फणसाखाली थांबला. "मी इथून लक्ष ठेवतो," तो म्हणाला. खरं म्हणजे त्याने डोळे घट्ट मिटले होते.

"माका भिती वाटता गो," अंकिता कुजबुजली.

"मला नाही वाटत," साईश म्हणाला, "फक्त पळायला चपला हातात घेतल्यात!"

बारा वाजले. बंद वर्गातून घोगरा, लांबट आवाज आला.

"एकोणीस पंचे पंचाण्णव... एकोणीस सक चौदोदरशे... एकोणीस सत्ता एकशे तेवीस..."

आणि मग ते भयंकर हसणं! साईश अर्धा कुंपणाबाहेर पोचलासुद्धा. गौरवी मात्र जागची हलली नाही. तिचा चेहरा लालभडक झाला होता.

"परत ये, साईश. ते भूत मी आहे."

"काय?"

"चौथीत असताना मी सगळ्यांसमोर पाढा म्हटला आणि सातावर चुकले. एकशे तेहतीसच्या जागी एकशे तेवीस. आख्खा वर्ग हसला होता. तूसुद्धा!"

"मी थोडंच हसलो होतो," साईश पुटपुटला.

"शालिनी टीचरनी मोबाइलवर ते घेतलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. मग त्यांची पेडण्याला बदली झाली. तोच आवाज कुणीतरी ओढून, लांबवून लावलाय. माझ्या आवाजाचं भूत केलं! त्याच भुताने माझ्या भावाला रस्त्यावर पाठवायचं?"

मागच्या खिडकीचा एक गज सैल आहे, हे शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अंकिता आत शिरली. कपाटावर एक छोटा स्पीकर होता आणि तो बागायतीतल्या पंपाला लावतात तसल्या वेळेच्या स्विचला जोडलेला होता. दोन्हींवर पिवळा पट्टा!

हा पट्टा अंकिताने झोपेतही ओळखला असता. चोरी होऊ नये म्हणून बाबुराव आपल्या प्रत्येक वस्तूला पिवळा रंग फासायचे. जॅकला, टॉर्चला, जेवणाच्या डब्यालासुद्धा! सवयीने त्यांनी भुतालाही फासला होता.

"आत्ताच जाऊन सांगूया!" साईश म्हणाला.

"कुणाला? उलट बोलू नका म्हणतील," गौरवी म्हणाली. "उद्या ऐकवूया. सगळ्यांना एकदम. आपला नरकासुर कुठे आहे?"

रविवारी दहाला मंडप भरला. बाजूलाच बिनडोक्याचा नरकासुर पोट पुढे काढून उभा होता. पंच विनोदिनीबाय कागद घेऊन बसल्या होत्या आणि बाबुराव हात जोडून बोलत होते.

"देवचाराची इच्छा आहे. माझं मन तयार नाही, पण त्याच्यापुढे आपण कोण?"

साईशने नरकासुराच्या गवतात हात घातला.

"एकोणीस पंचे पंचाण्णव..."

मंडपात कुणीतरी किंचाळलं. दोन काका खुर्च्यांसकट मागे सरकले. बाबुराव पांढरेफटक पडले, कारण भूत चुकीच्या वेळेला आणि चुकीच्या पोटातून बोलत होतं!

गौरवी उभी राहिली. आवाजाबरोबर ती मोठ्याने पाढा म्हणू लागली. तसाच, तिथेच चुकत.

"एकोणीस सत्ता एकशे तेवीस!"

नरकासुराचं पोट हसलं. बाकी कुणी हसलं नाही.

"हा मी चौथीत म्हटलेला पाढा आहे," गौरवी म्हणाली. "हा तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर बघितला होता. हसरे चेहरे पाठवले होते. आणि एकालाही ओळखू आला नाही? बाबा, तुम्हालासुद्धा?"

शिवदासांची मान खाली गेली. अंकिताने स्पीकर आणि स्विच विनोदिनीबायंपुढे ठेवले. तिचे बाबा मागच्या रांगेत उभे होते. मालक बघत होता, तरी त्यांनी मुलीला थांबवलं नाही.

विनोदिनीबायंनी पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग बाबुरावांकडे पाहिलं. "काय बाबुराव? देवचार रंगकाम कधीपासून करतो?"

"ते... मी गंमत म्हणून..."

"देवचाराच्या नावाने गंमत?" शिवदास ताडकन उठले. "माझ्या पोराला ट्रकांपुढे ढकलून?"

विनोदिनीबायंनी सह्यांचा कागद टराटरा फाडला. "बाकीचं पंचायतीत बोलू, बाबुराव. असे फुकट सुटणार नाही तुम्ही." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास रे पोरांनो! आम्हा थोरांना जमलं नाही ते तुम्ही केलंत."

सगळे टाळ्या वाजवू लागले. कालपर्यंत घाबरलेलेच जास्त जोरात!

"शाबासकी नंतर," गौरवी म्हणाली. "आधी कुलूप काढा."

टाळ्या थांबल्या. कुलूप बाबुरावांनीच घातलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली. गौरवीने ती सर्वेशच्या हातात दिली.

शाळेच्या कुलपात ती सर्वेशला दोन्ही हातांनी फिरवावी लागली. दार उघडलं, आणि या खेपेला त्याचे डोळे टक्क उघडे होते. "काहीच नाहीये आत," तो जरा निराश होऊन म्हणाला.

शिवदास दारातच घुटमळले. "बाये, माझं चुकलं. माका तुझो आवाज कळपाक जाय आशिल्लो... ओळखायला हवा होता मी."

राग असा एका वाक्याने जात नसतो. गौरवीने खडू उचलला आणि फळ्यावर भलामोठा आकडा काढला: १३३. त्याच्याखाली तिने इतक्या जोरात रेघ ओढली, की खडू मोडला.

शिवदासांनी खाली वाकून खडूचा तुकडा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "पुढचं म्हण. मी ऐकतो."