हुलसूरच्या बाजारात कोरियन गाणं

इअरबड्स नवे होते. दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं, सेंट्रिफ्यूजमध्ये रक्ताचे नमुने फिरत होते. मी फोनवर ब्लूटूथ चालू केलं तर दोन नावं आली. दोन्ही कंपनीची, आकड्यांची, सारखीच दिसणारी. त्यातलं एक दाबलं, गाणं सुरू केलं... कानात काहीच नाही. आवाज वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला.

मग कळलं की गाणं चालू आहे, पण बाहेर रस्त्यावर.

समोर अरुंद रस्त्यापलीकडे बी-बियाणांचं दुकान. त्याच्या स्पीकरवर सकाळी बसवण्णांची वचनं लागायची आणि दिवसभर खताच्या जाहिराती. आता तिथून एक कोरियन मुलगा हुलसूरच्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा गात होता. सोयाबीनचं बियाणं न्यायला आलेली माणसं वर बघत उभी होती. मला हसू फुटणार, तेवढ्यात धृपद आलं — अप्पा... अप्पा...

दुकानातल्या खुर्चीवरून मालक, बसवंतप्पा, उठले. चपला न घालताच, “बंदे, बंदे,” — आलो, आलो — म्हणत पायरीवर आले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायला लागले.

मी गाणं थांबवलं. ते तरीही तिथेच उभे. शेवटी त्यांच्या मुलानं दंडाला धरून त्यांना आत नेलं.

थोड्या वेळानं तोच मुलगा लॅबच्या दारात आला. नागेंद्र. इतके महिने समोरासमोर असूनही आम्ही कधी बोललो नव्हतो. माझा इथला मुक्काम तसाही तात्पुरता. बी.एस्सी. झाली होती, हैदराबादला एम.एस्सी.ची जागा मिळेपर्यंत मंगलमावशीकडे राहून ही नोकरी. ओळखी वाढवायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं.

“तुमीच लावलतं व्हय ते गाणं?”

“चुकून लागलं. तुम्हाला कसं कळलं?”

“सगळा बाजार स्पीकरकडं बघायलता. तुमी एकट्याच तोंड लपवायलतात.”

भांडायला आला असेल असं वाटलं होतं. पण त्यानं आवाज खाली आणून विचारलं, “तो पोरगा अप्पा कामून म्हणायलता?”

“कोरियातबी वडलांना अप्पाच म्हणतेत.”

तो दाराची चौकट धरून राहिला. मग त्यानं सांगितलं. मोठा भाऊ, महेशकुमार, पुण्याला होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तो सुट्टीला यायचा तेव्हा बसमधून उतरल्या उतरल्या रस्त्यातूनच हाक मारायचा, शेवटचा स्वर लांबवून. गाण्यातल्या हाकेचा हेल अगदी तसाच होता.

मी माफी मागितली. तो म्हणाला की माफी मागायला तुम्ही काही केलंच नाही.

काही दिवसांनी तो परत आला, या वेळी जरा अवघडून. “अप्पा म्हणायलेत... त्या लेकराचं गाणं लावता का?”

हे बरं की वाईट, मला ठरवता येईना. जखमेवर पुन्हा पुन्हा बोट ठेवू नये, एवढं तर कुणालाही कळतं. तरी लावलं. बसवंतप्पा डोळे मिटून, हात गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि दुकानाच्या कामाला लागले. नागेंद्रनं रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

तिथून दुपारची गाणी सुरू झाली. बाजार थंडावला की तो जाहिराती बंद करायचा आणि मी माझा फोन जोडायची. कोरियन झाली, जपानी झाली, एक फिलिपिन्सच्या मुलीचं झालं. मग त्याची पाळी. कलबुर्गीला डिप्लोमा करताना हॉस्टेलमध्ये त्याला इंग्रजी गाण्यांची सवय लागली होती... एक माणूस, एक गिटार आणि पुष्कळ दुःख.

“तुमच्या गाण्यातला माणूस सारखा गाडी घेऊन कुठंतरी जायलाय,” मी म्हणाले. “घरी कुणी न्हाई का त्याला?”

“अन् तुमचे ते पोरं? रडतानाबी केस नीट.”

मध्ये माणसं उभी राहिली की गाणं तुटायचं. शरीरात पाणी फार, ते ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं, असं मी त्याला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना “जरा बाजूला सरका” म्हणायला लागला. एका शेतकऱ्यानं ही भाषा कोणती म्हणून विचारलं, तर नागेंद्रनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, औरादच्या पलीकडची तेलुगू. त्या शेतकऱ्याला तेलुगू येत होती, हे नागेंद्रला नंतर कळलं.

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते मी नीट सांगू शकत नाही. मला अशा गोष्टींची नोंद असते, याची नाही. एवढंच की एका दुपारी गाणं चालू असताना मी सुईसाठी एका बाईची शीर शोधत होते आणि मला ती सापडेना, कारण काचेपलीकडे तो वजनकाट्यावर हात ठेवून थांबला होता, काटा न बघता माझ्याकडे बघत.

हैदराबादची जागा मिळाली.

आईचा, म्हाळसेचा, ठाणाकुशनूरहून फोन आला. शिकायचं तर जा, न्हाईतर उदगीरचं स्थळ हाय, मुलगा चांगलाय. तिच्या दृष्टीनं दोन्ही रस्ते सरळ होते. तिसरा तिला ठाऊक नव्हता आणि मला सांगता येण्याजोगा नव्हता. आम्ही धनगर. ते लिंगायत. बसवण्णांना मानणाऱ्या घरात जात विचारायची नसते. तरी लग्नाच्या वेळी सगळेच विचारतात.

जागा मिळाल्याचं मी नागेंद्रला सांगितलं. तो ‘छान झालं’ म्हणाला आणि पोतं उचलून आत गेला.

मग त्याची गाणी बदलली. कधी न लावलेली कोरियन गाणी तो शोधून लावायला लागला. मी अर्थ बघितले. एकात ती जाऊ नको म्हणत होती, दुसऱ्यात तो थांब म्हणत होता, तिसऱ्यात कुणीतरी स्टेशनवर उभं होतं. पण मी दुकानासमोरून गेले की हा तराजू पुसत असायचा. मान खाली.

जायच्या आदल्या दुपारी मी रस्ता ओलांडला. स्पीकरवर एक मुलगी कुठल्यातरी भाषेत विनवत होती.

“नागेंद्र, दुसऱ्याच्या तोंडून बोललेलं मी मोजत न्हाई.”

त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं. दार उघडं होतं, बसवंतप्पा आत बसलेले होते. “अप्पा हायेत,” तो हळूच म्हणाला.

“माहीत हाय.”

तो स्टूल घेऊन आला. मग स्टुलावर चढला आणि स्पीकरची वायर काढली. रस्ता एकदम मोकळा वाटला. पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकू यायला लागला. तो खाली उतरला, हात पँटला पुसले, आणि नेहमीच्या आवाजात — म्हणजे आत ऐकू जाईल अशा — बोलला.

“तू जा. शीक. थांब म्हणणार न्हाई मी. पण तू गेल्यावर... मला हितं करमणार न्हाई.”

मी इतक्या भाषांतली गाणी ऐकली होती. त्यांतल्या कुणालाच कधी करमत नाही असं झालं नव्हतं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“काय किती दिवस?”

“करमणार न्हाई ते.”

“तू परत येस्तोवर.”

“अन् मी शिकून हितं परत आलेच न्हाई तर? तिकडंच नोकरी लागली तर?”

“मग मी येतो. बियाणं हैदराबादलाबी विकतेत.”

“मलाबी करमणार न्हाई,” मी म्हणाले.

आत खुर्ची सरकली. बसवंतप्पा बाहेर आले. नागेंद्र माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, अगदी जवळ नाही, पण बाजूला. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ.

“घर कुठलं तुमचं?”

ते काय विचारत होते, तिघांनाही माहीत होतं. नुसतं गाव सांगून सुटता आलं असतं.

“ठाणाकुशनूर. गुंडाप्पांची मुलगी, धनलक्ष्मी. आम्ही धनगर.”

एक गिऱ्हाईक पायरीवर आलं, आमचे चेहरे बघून परत खाली उतरलं. बसवंतप्पांनी गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. नागेंद्र मदतीला वाकला तर त्याला कोपरानं बाजूला केलं. खुर्ची माझ्यापुढे ठेवली आणि खांद्यावरच्या उपरण्यानं तिची धूळ झटकली.

गिऱ्हाइकांशी ते मराठीत बोलायचे, माझ्याशीही आजवर मराठीतच. कन्नड फक्त घरात.

“कुंद्र, अव्वा,” — बस, माय — ते म्हणाले.

मी बसले.