फेलिशियाच्या चिमणीतला वास

स्वयंपाकघरातली चिमणी नीट चालत नाही म्हणून फेलिशियाने गोखिवऱ्याहून रामू मेकॅनिकला राजोडीच्या घरी बोलावलं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. नेमका बिघाड काय, ते तिने फोनवर सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? चिमणीतून सवतीचा वास येतो म्हणून?

सवत म्हणजे कार्मिन, फर्डिनंडची पहिली बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मेलेल्या बाईचा हेवा करू नये हे फेलिशियालाही कळत होतं, पण ती जळायची. नवरा हिचं कालवण मुकाट्याने जेवायचा आणि चारचौघांत कार्मिनच्या मसाल्याचे गोडवे गायचा. तो मसाला कार्मिन दर मे महिन्यात स्वतः भाजून, कुटून बियरच्या बाटल्यांत ठासून भरायची. प्रमाण तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. तिच्या हातच्या उरलेल्या दोन बाटल्या फेलिशियाने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात घरामागच्या बावखलात, त्या छोट्या तळ्याच्या पाण्यात, रिकाम्या केल्या. त्यानंतर भाजत्या मसाल्याचा हा वास सुरू झाला.

रामूने जाळ्या काढून सोड्याच्या गरम पाण्यात टाकल्या, पंखा उतरवून पुसला, मग स्टुलावर चढून भिंतीबाहेर जाणाऱ्या पाइपात हात घातला.

"मॅडम, ही झडप अडकली ना, की बाहेरचा वास आत येतो. पण ही तर एकदम ओके आहे."

"मग येतो कुठून?"

त्याने सगळं परत जोडलं, पंखा लावला आणि जाळीखाली वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद वर चिकटून बसला.

"बघा, खेच मस्त आहे. इथला वास बाहेर जातोय. बाहेरचा आत येणं शक्यच नाही." मग तो थांबला, नाक ओढलं. "वास तर आहे... इथेच, गॅसजवळ. तुम्ही काही भाजताय का?"

गॅस बंद होता.

"नाही..." फेलिशिया म्हणाली.

रामूने हत्यारं गोळा केली आणि चहालाही थांबला नाही.

भीती वाटण्याआधी फेलिशियाला राग आला. माझ्या गॅसपाशी उभी राहते? तिने सुरमई काढली, माहेरून आणलेला मसाला दोन चमचे जास्त घातला आणि कालवणाला उकळी येईपर्यंत ओट्यापासून हलली नाही.

"माझं घर आहे हे," ती दबक्या आवाजात म्हणाली. पंख्याची घरघर किंचित खाली आली, कुणी ऐकायला थांबावं तशी.

एक वाजता फर्डिनंड वाडीतून आला. कालवणाचा टोप टेबलावर आपल्या पुढ्यात घेऊन फेलिशिया त्याच्यासमोर बसली. पहिल्याच घासाला तो थबकला. त्याचे डोळे भरून आले.

"आज जमलं बघ..."

लग्न झाल्यापासून आठ महिने ती या शब्दांसाठी झुरत होती. सगळं विसरून ती हसली. त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं.

"आणखी वाढ गो..."

तिने डाव उचलला. फर्डिनंडने ताट पुढे केलं, पण तिच्याकडे नाही. बाजूला, गॅसच्या दिशेने. तिथे कुणीच नव्हतं. क्षणभर त्याचा हात वजनाने खाली झुकला.

ताट टेबलावर परत आलं तेव्हा त्यातून वाफ निघत होती. फर्डिनंड फेलिशियाकडे न बघता जेवू लागला.