गोड बोलण्याची धास्ती

मिरजेत अलीकडे सासूने कौतुक केलं की सून धास्तावायची. थोरल्या भावाने बांधाचा वाद आपणहून सोडला की धाकट्याची झोप उडायची. ही सगळी कृपा आप्तदूताची.

आप्तदूत म्हणजे मनगटावरचा पट्टा. तो रक्तातले बदल सतत वाचतो आणि आरोग्याची माहिती देतो, पण वाईट माहिती रोग्याला देत नाही. गंभीर आजाराची नुसती बातमी ऐकूनही शरीराची झुंजायची ताकद घटते, हे डॉ. निहार सबनीस यांनी सिद्ध केलं होतं. डॉक्टरांना बाजूला घेऊन 'त्यांना काही सांगू नका' म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे पूर्वीपासून होतेच. सबनीसांनी त्या नातेवाइकांचंच यंत्र केलं. रोग्याला सांगायचं 'पाणी प्या, चालत जा'; खरं काय ते घरच्यांच्या फोनवर. सरकारने लगेच तसा कायदाही केला.

सबनीसांच्या संशोधन संस्थेचं कँटीन चालवणाऱ्या ओवीताई एका दुपारी डबा घेऊन सबनीसांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, आमचे हे मला रोज डाळिंब सोलून देतात."

"मग खा की."

"बावीस वर्षं आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणारा माणूस आहे तो. परवा मी मीठ घालायलाच विसरले, तर म्हणाला, झकास झालीय!"

सबनीस हसले नाहीत.

"यंत्र तुमचं आहे. मला काय झालंय ते बघून सांगा."

"रोग्याला सांगता येत नाही, ताई. कायदा आहे."

"आणि आजारावर उपचार असला तर?"

"उपचाराला रोग्याची सही लागते. म्हणजे सांगणं आलंच. त्यासाठी आधी घरच्यांनी 'सांगा' म्हणायला हवं."

"आणि ते म्हणालेच नाहीत तर?"

सबनीसांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"माझी पोरगी दहावीला आहे, डॉक्टर. मला कळायलाच हवं. काही नसेल तर नेहमीसारखे खेकसा माझ्यावर. फक्त गोड बोलू नका."

सबनीसांनी पडद्यावर ओवीताईंच्या पट्ट्याची नोंद उघडून वाचली. कायद्याचं काय व्हायचं ते होवो, सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. मग त्यांनी मान वर केली. दहा वर्षं त्यांना गरम पोळी वाढणारी बाई ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती.

"अक्कल आहे की नाही?" ते कडाडले. "काही झालेलं नाही तुम्हाला! नवरा चार दिवस नीट वागला तर तेही बघवत नाही? आणि ही भाजी खारट आहे. निघा आता!"

ओवीताईंचा चेहरा उजळला. "किती बरं वाटलं हो, डॉक्टर," म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि जवळजवळ पळतच त्या जिना उतरल्या.

भाजी सबनीसांनी चाखलीसुद्धा नव्हती. पडद्यावर नोंद उघडीच होती. या महिन्यात उपचार सुरू केल्यास बरे होण्याची शक्यता सत्तर टक्के. रुग्णाची सही बाकी. कुटुंबाचं उत्तर आलेलं नाही.

डाळिंब सोलणाऱ्या नवऱ्याला 'सांगा' हे एक बटण दोन महिने दाबवलं नव्हतं. सबनीसांना तर नुसतं खरं बोलायचं होतं, तेही बोलवलं नव्हतं.