चाळीसवरचा काटा

इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा चाळीसवरून घसरून दहावर यायचा. मिस्त्रीच्या मते यात विशेष काही नव्हतं. ट्रॅक्टर पन्नाशीचा होता. या वयात माणसाचेसुद्धा गुडघे बोलू लागतात.

दीड वर्षापूर्वी लग्न करून मिस्त्री बायकोच्या शेतावर राहायला आला तेव्हा सोबत फक्त हत्यारांची पेटी आणली होती. शेत, घर, पत्र्याची शेड आणि शेडमधला ट्रॅक्टर, सगळं तिच्या पहिल्या नवऱ्याचं. तो तापाने गेला त्याला चार वर्षं झाली होती.

मिस्त्रीने आधी सोपं ते पाहिलं. डिपस्टिक ओढली. ऑइल पुरेसं होतं, डिझेल मिसळल्याचा वास नव्हता. काटाच खोटं बोलत असेल म्हणून पेटीतला स्वतःचा गेज जोडून पाहिला. तोही दहा. फिल्टर बदलला, तरी दहा. मग खालचा चेंबर उतरवून जाळी धुतली, पंपाच्या गिअरमधली फट फीलरच्या पातळ पट्टीने मोजली, वॉल्व्हची स्प्रिंग नवी टाकली. बेअरिंगं एकेक काढून दारातल्या उजेडात धरली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सगळं बसवून इंजिन सुरू केलं, आणि वीस मिनिटांत काटा पुन्हा दहावर.

वैतागून तो इंजिन चालूच ठेवून नळावर हात धुवायला गेला. साबण लावता लावता त्याचे हात थांबले. इंजिनची खडखड गेली होती. मांजर घुरघुरावं तसा मऊ आवाज येत होता.

शेडबाहेर ट्रॅक्टर उभा होता आणि सीटवर बायको.

"काय केलंस?"

"काही नाही. वाटेत होता, बाहेर काढला."

काटा चाळीसवर होता.

"उतर जरा," तो म्हणाला आणि स्वतः चढून बसला. काटा दहावर आला. तिला पुन्हा बसवलं. चाळीस. मिस्त्री देवभोळा नव्हता. सीटखालून एखादी नळी दबत असेल म्हणून त्याने वाकून पाहिलं. नळी तिथे नव्हतीच. तिच्या वजनाचं पोतं सीटवर ठेवलं. दहा.

बाईला सवत असते. पुरुषाला जो असतो त्याला भाषेत शब्द नाही, म्हणून तो नसतो असं थोडंच आहे? भिंतीवरचा पहिल्या नवऱ्याचा फोटो मिस्त्रीने सोसला होता, खुंटीवरचा कोटही सोसला होता. पण यंत्र तरी आपलं असायला हवं होतं. आयुष्यात कुठलंही यंत्र त्याला नाही म्हणालं नव्हतं.

"कसा बसायचा तो?" त्याने विचारलं.

कोण, असं तिने विचारलं नाही. "डाव्या अंगावर. उजवा पाय आत ओढून. तो काय तुमच्यासारखा ताठ बसायचा नाही, साहेबासारखा." आणि ती हसली. दीड वर्षात हे हसू मिस्त्रीने ऐकलं नव्हतं. गेलेला माणूस 'तो', आणि आपण अजून 'तुम्ही'. ते त्याला खिळ्यासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डाव्या अंगावर बसला, उजवा पाय आत ओढला. काटा पंधरावर. ऑइल एका बाजूला कलत असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण माणूस कलल्याने दोन टनांचा ट्रॅक्टर कलत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"अजून?"

"एकच हात स्टिअरिंगवर. दुसरा मडगार्डवर टाकायचा." ती सांगता सांगता जवळ आली. "आणि सुरू केल्यावर मान वळवून घराकडे बघायचा. मी पायरीवर आहे का ते."

हे मिस्त्रीला ऐकायचं नव्हतं. तरी त्याने मान वळवली. पंचवीस.

मग त्याला चटकच लागली. रोज तो एकेक विचारायचा आणि रोज ती भरभरून सांगायची. काडी कुठल्या दाताखाली धरायचा, गिअर टाकताना ओठ कसा चावायचा. तीस. त्याने खुंटीवरचा कोट काढून घातला. खांद्यांत आवळत होता. पस्तीस. चार दिवसांनी कोट आवळेनासा झाला, तेव्हा कापड सैल पडलं असेल असं तो म्हणाला.

त्या दुपारी त्याने नांगर जोडला. खालच्या तुकड्यात तो पहिल्यांदाच चालला होता. मधेच एका जागी त्याच्या हाताने नांगर उचलला आणि दोन पावलांवर पुन्हा टेकवला. का, ते त्याला कळेना. उतरून त्याने माती उकरली.

वीतभर खाली कातळ होता.

हे तिने सांगितलं नव्हतं.

तो सीटवर चढला. न ठरवता डाव्या अंगावर कलला.

काटा चाळीसवर होता. हलतसुद्धा नव्हता.

ऊन उतरताना तो घराकडे निघाला. ती पायरीवर उभी होती. त्याला पाहताच तिचा चेहरा उजळला. जिंकलो, त्याला वाटलं. शेवटी जिंकलो.

"झालं काम?" तिने विचारलं.

"झालं. चाळीसवर ठाम आहे."

तिने त्याच्या कोटावरची माती झटकली. मग त्याच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या शेडकडे पाहिलं.

"मिस्त्री गेले का?" ती म्हणाली. "चहा तरी द्यायचा होता त्यांना."